सगळ्यांचेच संगणक एकाच वेळी बंद पडले तर: सांगलीतील पेढ्या आणि लघुउद्योगांसाठी पूर्वतयारी

पेढीतला एखादा संगणक बिघडला, तर दुरुस्ती करणाऱ्याला फोन जातो, तो येऊन पाहतो आणि बहुधा संध्याकाळपर्यंत काम पुन्हा सुरू होते. आपली बहुतेक सगळी तयारी एवढ्याच अनुभवावर उभी असते. परंतु सांगलीतले, पुण्या-मुंबईतले आणि परदेशातलेही संगणक एकाच सकाळी बंद पडले, तर त्या दुरुस्ती करणाऱ्याचा फोन दिवसभर व्यस्त लागेल, सॉफ्टवेअर कंपनीची मदतवाहिनी कोणी उचलणार नाही, आणि ज्या बँकेतून पैसे काढून वेळ निभावून न्यायची, ती बँकही कदाचित त्याच अडचणीत सापडलेली असेल. म्हणून व्यापक बिघाडाची तयारी करताना सुरुवातीपासून एकच अट मनात धरावी, की पहिले दोन दिवस बाहेरून कोणीही येणार नाही आणि तरीही आपल्याकडची माणसे आपल्याकडच्या कागदांवर धंदा चालवू शकली पाहिजेत. या लेखातील सगळ्या सूचना या एका अटीतून आलेल्या आहेत. ज्यांच्याकडे पेढीच्या, कारखान्याच्या किंवा दवाखान्याच्या संगणकांची जबाबदारी नुकतीच आली आहे आणि ज्यांनी अशी तयारी पूर्वी कधी केलेली नाही, त्यांच्यासाठी हा लेख आहे.

असे खरोखर घडते का

१९ जुलै २०२४ हा शुक्रवार होता. क्राउडस्ट्राइक या संगणक-सुरक्षा कंपनीने आपल्या फाल्कन या सॉफ्टवेअरसाठी एक सदोष फाइल जगभर पाठवली. भारतीय वेळेनुसार सकाळी ९ वाजून ३९ मिनिटांनी ती सुटली आणि १० वाजून ५७ मिनिटांनी मागे घेतली गेली. तेवढ्या अवधीत, मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे, ८५ लाख विंडोज संगणक निळा पडदा दाखवून थांबले. जगातील एकूण विंडोज संगणकांच्या मानाने हे प्रमाण एक टक्क्याहूनही कमी होते. तरीही विमानसेवा, रुग्णालये आणि बँका खोळंबल्या, आणि आपल्या देशातील विमानतळांवर प्रवाशांच्या हाती पेनाने लिहिलेले बोर्डिंग पास पडले. फाइल मागे घेतल्याने बंद पडलेले संगणक आपोआप सुरू झाले नाहीत. बहुतेक ठिकाणी प्रत्येक यंत्रासमोर माणूस बसवून, ते सेफ मोडमध्ये उघडून, ती फाइल हाताने पुसावी लागली.

त्याच महिन्याच्या अखेरीस आपल्या अधिक जवळची घटना घडली. सहकारी आणि ग्रामीण बँकांना तांत्रिक सेवा पुरवणाऱ्या सी-एज टेक्नॉलॉजीज या कंपनीवर रॅन्समवेअरचा, म्हणजे फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या सॉफ्टवेअरचा, हल्ला झाल्याचे दिसताच ३१ जुलै २०२४ रोजी राष्ट्रीय पेमेंट्स महामंडळाने, म्हणजे एनपीसीआयने, तिला आपल्या जाळ्यातून तात्पुरते वेगळे काढले आणि सुमारे ३०० लहान बँकांच्या ग्राहकांचे यूपीआय व एटीएमचे व्यवहार अडले. दुसऱ्या दिवशी सेवा पूर्ववत झाल्या. सांगली जिल्ह्यात ज्यांचा धंदा सहकारी बँकांच्या खात्यांवर चालतो, त्यांनी या घटनेकडे विशेष लक्ष द्यावे, कारण येथे ग्राहकाची काही चूक नव्हती आणि त्याच्या स्वतःच्या बँकेवरही हल्ला झालेला नव्हता.

वर्ष दोनच अंकांत नोंदवणारे जुने संगणक २००० साल उजाडताच गोंधळतील, अशी भीती तेव्हा घातली जात होती. २००० सालच्या १ जानेवारीला काही मोठे घडले नाही, म्हणून ती सगळी हाकाटी पोकळ होती असे अनेक जण अजूनही म्हणतात. मला ते पटत नाही. आधीची काही वर्षे हजारो प्रोग्रॅमरनी जुन्या प्रणालींतील दोन अंकी वर्षे शोधून दुरुस्त केली होती, आणि त्यात भारतीयांचा वाटा मोठा होता. तयारी नीट झाली की दिवस निर्विघ्न पार पडतो, आणि मग ती तयारी फुकट गेली असे लोकांना वाटू लागते. तुमच्या पेढीतही असे वाटणारे भेटतील, हे गृहीत धरून कामाला लागा.

पायरी १: आधी कामांची यादी करा

बहुतेक जण संगणक मोजण्यापासून सुरुवात करतात. ती यादीही लागेल, पण नंतर. आधी एक वही घेऊन सकाळी शटर उघडल्यापासून रात्री गल्ला जुळवेपर्यंत पेढीवर बसावे आणि कोणकोणते काम कोणत्या क्रमाने होते ते लिहून काढावे. उदाहरणादाखल मार्केट यार्डातील हळदीची अडत पेढी घेऊ. शेतकऱ्याची गाडी येते, पोती उतरतात, आवकेची नोंद होऊन लॉटला क्रमांक पडतो, सौद्यात दर ठरतो, वजन होते, खर्च वजा जाऊन शेतकऱ्याची पट्टी (हिशेबाची चिठ्ठी) तयार होते, खरेदीदाराचे बिल निघते, ई-वे बिल (मालवाहतुकीसाठी पोर्टलवरून काढायचा कागद) होते, ट्रक भरून जातो आणि शेतकऱ्याला पैसे मिळतात. यातील प्रत्येक कामापुढे तीन गोष्टी लिहाव्यात: संगणक नसेल तर हे काम किती वेळ थांबू शकते, ते हाताने करता येते का, आणि हाताने करणे आज पेढीवर कोणाला येते.

तिसरा रकाना भरताना खरी परिस्थिती समोर येते. पट्टी हाताने कशी करायची हे पुष्कळदा एकट्या जुन्या दिवाणजींनाच येत असते. नव्या मुलांनी दर आणि वजन टाकले की पट्टी छापून येते एवढेच पाहिलेले असते. दिवाणजी निवृत्त होण्याआधी त्यांच्याशेजारी बसून दोन-तीन पट्ट्या कागदावर करून घ्याव्यात आणि कोणती वजावट कोणत्या क्रमाने होते, पूर्णांक कोठे करतात, हे एका पानावर उतरवून ठेवावे. तयारीतील हे सर्वांत स्वस्त काम आहे आणि माझ्या मते सर्वांत मोलाचेही.

बेदाण्याच्या शीतगृहात अडचण वेगळी असते. तेथे माल समोर असतो, पण कोणाचा लॉट कोणत्या चेंबरमध्ये कोणत्या रॅकवर आहे, हे संगणकाला ठाऊक असते. एकसारख्या दिसणाऱ्या हजारो बॉक्समधून एका शेतकऱ्याचा माल यादीवाचून काढणे जवळजवळ अशक्य असते. म्हणून रोज काम आटोपताना जागेवार यादी कागदावर छापून घ्यावी आणि आदल्या दिवशीची फाडून टाकावी. मिरजेच्या रुग्णालयांत हेच तत्त्व औषधांच्या तक्त्याला लागू पडते: प्रत्येक पाळी बदलताना दाखल रुग्णांची यादी, त्यांची चालू औषधे आणि ॲलर्जी यांची छापील प्रत परिचारिका-कक्षात असावी. दिल्लीच्या एम्सवर नोव्हेंबर २०२२ मध्ये रॅन्समवेअरचा हल्ला झाला, तेव्हा तेथील नोंदणी आणि अहवालांचे काम अनेक दिवस कागदावर चालवावे लागले होते. कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीतील कारखान्यांनी सीएनसी, म्हणजे संगणकाने नियंत्रित होणाऱ्या, यंत्रांचे प्रोग्रॅम आणि पॅरामीटर यांच्या प्रती यंत्राबाहेर ठेवल्या आहेत का, ते पाहावे. जुन्या नियंत्रकांची बॅटरी उतरली की ही माहिती पुसली जाते आणि यंत्र ठणठणीत असूनही उभे राहते.

पायरी २: बाहेरच्या कोणकोणत्या गोष्टींवर आपण अवलंबून आहोत

आता यादीतील प्रत्येक कामापुढे बाहेरच्या सेवेचे नाव लिहावे: इंटरनेट, बँक, यूपीआय, जीएसटी पोर्टल, ई-वे बिल, व्हॉट्सॲप, क्लाउडवरचे सॉफ्टवेअर. यांपैकी प्रत्येक सेवा कधी ना कधी बंद पडलेली आहे. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी व्हॉट्सॲप सुमारे सहा तास बंद होते. यूपीआय २०२५ मध्ये २६ मार्चला आणि पुन्हा १२ एप्रिलला अडखळले. २० ऑक्टोबर २०२५ रोजी ॲमेझॉनच्या क्लाउड सेवेच्या अमेरिकेतील एका विभागात बिघाड झाला आणि जगभरची असंख्य ॲप्स थांबली. त्यांतील अनेकांच्या ग्राहकांना आपले ॲप ॲमेझॉनच्या यंत्रांवर चालते, याची कल्पनाही नव्हती. पुढच्याच महिन्यात, १८ नोव्हेंबरला, संकेतस्थळांना सेवा पुरवणाऱ्या क्लाउडफ्लेअर या कंपनीच्या बिघाडाने तसेच केले.

बँकेच्या बाबतीत एक प्रश्न आवर्जून विचारावा. पुष्कळ पेढ्या खबरदारी म्हणून दोन सहकारी बँकांत चालू खाते ठेवतात, पण त्या दोन्ही बँका एकाच कंपनीची प्रणाली वापरत असतील तर त्या दोन खात्यांनी काहीच साधत नाही. शाखाव्यवस्थापकांना भेटून, बँकेची मुख्य प्रणाली आणि पेमेंटची जोडणी कोणत्या कंपनीची आहे, असे सरळ विचारावे. हे विचारण्यात गैर काही नाही. उत्तर दोन्हीकडे एकच आले, तर एक खाते वेगळी व्यवस्था असलेल्या बँकेत उघडावे आणि त्यात दोन दिवसांच्या हमालीला, भाड्याला आणि तातडीच्या खर्चाला पुरेल एवढी रक्कम कायम ठेवावी.

व्हॉट्सॲपवर ठरलेले सौदे ही स्वतंत्र काळजीची बाब आहे. दर, वजन आणि मुदत फक्त मोबाइलमधल्या संदेशांत राहिली, तर मोबाइल हरवला किंवा सेवा थांबली की पुरावाही जातो. रोज संध्याकाळी दिवसाचे सौदे नोंदवहीत लिहिण्याची जुनी रीत ज्या पेढ्यांनी सोडली असेल, त्यांनी ती पुन्हा सुरू करावी.

पायरी ३: कागदाची पेटी

एक पत्र्याची किंवा जाड प्लॅस्टिकची झाकण असलेली पेटी घ्यावी आणि ती सर्वांना दिसेल अशा ठिकाणी, जमिनीपासून उंचावर ठेवावी. तिच्यात काय असावे, हे मी जरा तपशिलाने सांगतो, कारण येथेच पुष्कळ तयारी अपुरी राहते.

पहिली वस्तू म्हणजे छापील बिलबुक. जीएसटीच्या नियमांप्रमाणे बिलाचा क्रमांक सलग आणि सोळा अक्षरांच्या आत असावा लागतो, मात्र एकापेक्षा जास्त मालिका चालतात. म्हणून हाताने करायच्या बिलांसाठी वेगळ्या अक्षरांनी सुरू होणारी स्वतंत्र मालिका आधीच ठरवावी आणि बिलबुकावर क्रमांक छापूनच घ्यावेत. संगणकाच्या मालिकेतला पुढचा क्रमांक आठवून कागदावर टाकू नये. संगणक परत सुरू झाल्यावर तोच क्रमांक दुसऱ्याच बिलाला पडतो आणि विवरणपत्र भरताना घोळ होतो. पेढीचा जीएसटी क्रमांक, मालाचे एचएसएन (वर्गवारीचे) कोड आणि कराचे दर आतल्या पुठ्ठ्यावर चिकटवून ठेवावेत, कारण घाईच्या वेळी तेच आठवत नाहीत.

ज्यांची उलाढाल पाच कोटींच्या वर आहे, त्यांना १ ऑगस्ट २०२३ पासून नोंदणीकृत खरेदीदाराच्या बिलासाठी ई-इन्व्हॉइस, म्हणजे बिलाची अधिकृत पोर्टलवर नोंदणी, बंधनकारक आहे, आणि त्याशिवायचे बिल नियमाने बिल ठरत नाही. अशा पेढ्यांनी केवळ बिलबुकावर विसंबून माल पाठवू नये. नोंदणीसाठी एकापेक्षा अधिक अधिकृत पोर्टल आहेत. दुसऱ्या पोर्टलवर आधीच खाते उघडून एखादे बिल तेथून काढून पाहावे. सगळीच पोर्टल बंद असतील तर ट्रक थांबवायचा की कसे, याचे उत्तर आपल्या सनदी लेखापालांकडून आजच लेखी घ्यावे आणि तो कागद पेटीत ठेवावा. ई-वे बिलाचेही तसेच. परराज्यात जाणाऱ्या पन्नास हजारांहून अधिक किमतीच्या मालाला ते लागते. पेढीचे संगणक बंद आणि पोर्टल मात्र चालू, अशी वेळ आली तर मोबाइलवरून ते काढता यावे, यासाठी मोबाइलची नोंदणी आधी झालेली असली पाहिजे; अडचणीच्या दिवशी ती होत नाही.

दुसरी वस्तू म्हणजे कोऱ्या पट्ट्या, आवक नोंदवही, वजनाच्या चिठ्ठ्यांचे पॅड आणि कार्बन पेपर. वजनाचा इलेक्ट्रॉनिक काटा संगणकाला जोडलेला असला, तरी बहुतेक काट्यांच्या दर्शकावर वजन दिसतच राहते. ते वाचून चिठ्ठीवर लिहायचे आणि तोलणाऱ्याने व शेतकऱ्याने दोघांनीही सही करायची. पर्यायी काटा बाहेर काढणार असाल, तर त्यावर वैधमापन विभागाचा चालू वर्षाचा शिक्का आहे का ते आधी तपासावे, नाहीतर वजनावरून वाद होईल आणि तो वाद तुम्ही हराल.

तिसरी वस्तू, छापील याद्या: खरेदीदारांची येणी, शेतकऱ्यांची देणी, साठा, आणि फोन नंबर. दर शनिवारी त्या नव्याने छापाव्यात आणि वर तारीख टाकावी. फोन नंबर मोबाइलमध्ये आहेतच, असे कोणी म्हणेल. पण ज्या दिवशी चार्जिंग नाही त्या दिवशी मोबाइलमधली यादी निरुपयोगी असते.

चौथी वस्तू, चेकबुक. यूपीआय आणि नेट बँकिंग थांबले तरी शेतकऱ्याच्या हाती चेक देता येतो, आणि माणसाला रिकाम्या हाताने गावी परतावे लागत नाही. रोख रक्कमही थोडी ठेवावी, परंतु एका व्यक्तीकडून एका दिवसात किंवा एका व्यवहारात दोन लाख किंवा त्याहून अधिक रोख स्वीकारता येत नाही, ही मर्यादा बिघाडाच्या दिवशीही लागू असते, हे कॅशिअरला सांगून ठेवावे.

पायरी ४: बॅकअप, आणि तो परत उघडून पाहणे

सर्वत्र सांगितला जाणारा नियम असा, की माहितीच्या तीन प्रती असाव्यात, त्या दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात आणि एक प्रत दुसऱ्या जागी असावी. पेवांत, म्हणजे जमिनीखालच्या कोठारांत, हळद साठवत आलेल्या हरिपूरच्या लोकांना हे वेगळे सांगायला नको; सगळा माल एकाच पेवात कोणी उतरवत नसे. मात्र आजच्या काळात या नियमाला एक जोड द्यावी लागते: किमान एक प्रत कोणत्याही संगणकाला जोडलेली नसावी. रॅन्समवेअर शिरले की ते जोडलेली हार्ड डिस्क, नेटवर्कवरचे सामायिक फोल्डर आणि आपोआप जुळवले जाणारे क्लाउडचे फोल्डरही कुलूपबंद करू शकते. सर्व्हरच्या मागे कायमची खोचून ठेवलेली डिस्क ही त्या दृष्टीने प्रतच नव्हे.

मर्स्क या जहाज कंपनीचे उदाहरण येथे सांगण्यासारखे आहे. २७ जून २०१७ रोजी नॉटपेट्या या हल्ल्यात तिचे जगभरचे जाळे कोसळले आणि आपल्या जवाहरलाल नेहरू बंदरातील तिच्या समूहाच्या टर्मिनलचे कामही अडले. सगळी ओळखपत्रे आणि परवानग्या सांभाळणाऱ्या मुख्य सर्व्हरच्या जगभर प्रती होत्या, परंतु त्या एकमेकींशी जोडलेल्या असल्याने एकदमच गेल्या. एकच प्रत वाचली, ती घानामधील कार्यालयात, आणि तीही हल्ल्याच्या वेळी तेथील वीज गेली होती म्हणून. त्या प्रतीच्या आधारे कंपनीने सुमारे दहा दिवसांत ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक नव्याने उभे केले. एवढ्या मोठ्या कंपनीला योगायोगाने जे मिळाले, ते आपण ठरवून, दोन पोर्टेबल हार्ड डिस्कच्या खर्चात करू शकतो. एक डिस्क या आठवड्यात वापरायची, दुसरी पुढच्या, आणि जी वापरात नाही ती पेढीबाहेर ठेवायची.

बॅकअप घेणे हे अर्धेच काम आहे. दर तीन महिन्यांनी एखादा जुना लॅपटॉप घेऊन त्यावर बॅकअप उतरवून पाहावा. टॅली हे हिशेबाचे सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांनी हे चालू संगणकावर करू नये, कारण त्याच जागी बॅकअप उतरवला तर आजची माहिती जुन्या माहितीखाली जाऊ शकते. वेगळ्या लॅपटॉपवर परवाना नसेल तर टॅली शैक्षणिक मोडमध्ये उघडते. त्यात महिन्यातील ठराविक तारखांच्याच नोंदी करता येतात, तरीही जुनी खाती पाहायला ते पुरेसे असते. उघडल्यावर चार गोष्टी पडताळाव्यात: शेवटच्या व्हाउचरचा क्रमांक, रोख शिल्लक, एखाद्या नेहमीच्या शेतकऱ्याच्या खात्याची बाकी आणि एका मालाचा साठा. चारही जुळले, तर बॅकअप चांगला आहे असे म्हणता येते. किती वेळ लागला तेही लिहून ठेवावे; उद्या मालकांनी "किती वेळात सुरू होईल?" असे विचारले, तर हातात खरा आकडा असतो.

कंपनी म्हणून नोंदणी असेल, तर हिशेबाच्या पुस्तकांचा रोजचा बॅकअप भारतातील सर्व्हरवर ठेवणे कायद्यानेच बंधनकारक आहे. भागीदारी पेढ्यांना तो नियम लागू नाही, तरी सवय म्हणून तोच पाळावा.

पायरी ५: किल्ल्या कोणाकडे आहेत

क्राउडस्ट्राइकच्या प्रसंगी अनेक कार्यालयांत उपाय माहीत असूनही संगणक उघडता आले नाहीत, कारण डिस्कला बिटलॉकर या विंडोजमधल्या सुरक्षा-सोयीचे कुलूप होते आणि त्याची ४८ अंकी किल्ली बंद पडलेल्याच प्रणालीत साठवलेली होती. नव्या विंडोज ११ लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्टच्या खात्याने प्रवेश केला की हे कुलूप पुष्कळदा आपोआप लागते आणि मालकाला त्याचा पत्ताही नसतो. म्हणून प्रत्येक संगणकाची ही किल्ली शोधून, कागदावर छापून, संगणकाच्या क्रमांकासह बंद पाकिटात ठेवावी.

त्याच पाकिटात टॅलीच्या परवान्याचा क्रमांक आणि त्याला जोडलेला ईमेल, राउटरचा पासवर्ड, इंटरनेट कंपनीचा ग्राहक क्रमांक आणि सॉफ्टवेअरवाल्यांशी झालेल्या कराराची प्रत असावी. पाकिटावर मालकांची सही घ्यावी आणि ते उघडण्याचा अधिकार कोणत्या दोघांना आहे, ते वर लिहावे. ओटीपीचा विचारही येथेच करावा. ई-वे बिल पोर्टलवर १ एप्रिल २०२५ पासून सर्वांना दुहेरी पडताळणी लागू झाली आहे. ओटीपी फक्त मालकांच्या मोबाइलवर जात असेल आणि मालक लग्नाला कोल्हापुरास गेले असतील, तर संगणक चालू असूनही पेढी बंदच. दिवाणजींच्या आणि आणखी एका कारकुनाच्या नावे उपवापरकर्ते तयार करून घ्यावेत.

पायरी ६: अपडेट केव्हा करावे

येथे दोन घटना परस्परविरुद्ध धडे देतात असे वाटू शकते. १२ मे २०१७ रोजी जगभर पसरलेल्या वॉनाक्राय रॅन्समवेअरने जी त्रुटी वापरली, तिची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिली होती. ज्यांनी अपडेट केले नव्हते ते सापडले. उलट २०२४ मध्ये ज्यांच्याकडे अपडेट तत्काळ पोहोचले तेच अडकले. लहान कार्यालयासाठी मधला मार्ग असा, की पाच संगणक असतील तर आधी एकाच, कमी महत्त्वाच्या संगणकावर अपडेट होऊ द्यावे, तीन-चार दिवस त्यावर नेहमीचे काम करून पाहावे आणि मग इतरांवर घ्यावे. त्यापलीकडे मात्र टाळाटाळ करू नये. विंडोज १० ची सर्वसाधारण मोफत साथ १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली आहे, हे लक्षात घेऊन अशा संगणकांच्या बदलाचे वेळापत्रक मालकांपुढे ठेवावे.

पायरी ७: पाणी आणि वीज

सांगलीत व्यापक बिघाडाचे सर्वांत परिचित कारण कृष्णाच आहे. आयर्विन पुलाजवळ ४० फूट ही इशारा पातळी आणि ४५ फूट ही धोका पातळी मानली जाते. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांवर गेले आणि गणपती पेठ, मारुती चौक, हरभट रोड हा सगळा व्यापारी भाग पाण्याखाली होता. त्यामुळे पेढीबाहेरची प्रत कोठे ठेवायची, याचे उत्तर नकाशा पाहून द्यावे. गणपती पेठेतील पेढीची डिस्क मारुती चौकातील घरी ठेवली, तर पुरात दोन्ही जाणार. विटा, जत किंवा उंचावरच्या मिरजेतील नातेवाइकांकडे ती असावी. सर्व्हर आणि राउटर तळमजल्यावरून वर नेण्यासाठी कोणत्या तारा कोणत्या क्रमाने काढायच्या, त्याची छायाचित्रे छापून पेटीत ठेवावीत, आणि पातळी किती झाली की हलवायचे तो आकडा जूनच्या आधीच ठरवावा. माझे मत विचाराल तर इशारा पातळीची वाट पाहू नये.

यूपीएस हा संगणक नीट बंद करण्यापुरता असतो, दिवसभर चालवण्यासाठी नसतो. इन्व्हर्टरवर एक लॅपटॉप, एक राउटर, एक दिवा आणि मोबाइलचे चार्जर एवढेच ठेवावे. दोन वेगवेगळ्या कंपन्यांची सिम पेढीवर असावीत.

पायरी ८: सराव

वर्षातून दोनदा, हंगाम मंदीत असताना, सर्वांना आधी सांगून अर्धा दिवस संगणक बंद ठेवावेत आणि पेटी उघडून काम करावे. कार्बन उलटा लावला जातो, पट्टीचा नमुना जुना निघतो, पाकीट कोठे आहे ते कोणाला आठवत नाही. हे सगळे सरावातच कळलेले बरे. सरावानंतर त्याच संध्याकाळी पेटीतील उणीव भरून काढावी.

पायरी ९: प्रत्यक्ष त्या दिवशी

पहिल्या अर्ध्या तासात एकच शोध घ्यावा: हे फक्त आपल्याकडे आहे की सगळीकडे. शेजारच्या पेढीत विचारावे, मोबाइलवर बातम्या पाहाव्यात, बँकेत माणूस पाठवावा. पडद्यावर खंडणीचा संदेश दिसत असेल किंवा फाइलींची नावे बदललेली दिसत असतील, तर त्या संगणकाची नेटवर्कची तार तत्काळ काढावी, वायफाय बंद करावे आणि बॅकअपची डिस्क कोणत्याही परिस्थितीत जोडू नये. आर्थिक फसवणूक झाली असल्यास १९३० या क्रमांकावर कळवावे. सायबर हल्ल्याची माहिती सहा तासांच्या आत सर्ट-इन या केंद्रीय संस्थेला देण्याचे बंधन व्यवसायसंस्थांवर २८ एप्रिल २०२२ च्या आदेशाने आलेले आहे. क्राउडस्ट्राइकच्या घटनेनंतर "दुरुस्तीची फाइल" म्हणून खोट्या लिंक पसरवल्या गेल्या आणि सर्ट-इनला त्याबद्दल सावध करावे लागले. म्हणून व्हॉट्सॲपवरून आलेला कोणताही उपाय, तो ओळखीच्या माणसाने पाठवला असला तरी, चालवू नये.

त्यानंतर पेटी उघडावी, एका पानावर वेळ आणि कारण लिहावे, आणि कागदावर काम सुरू झाले असे सर्वांना मोठ्याने सांगावे. अर्धे काम कागदावर आणि अर्धे मोबाइलवर, असे होऊ देऊ नये.

पायरी १०: परत संगणकावर येताना

संगणक सुरू झाले की लगेच नवी बिले काढण्याचा मोह होतो. आधी शेवटची नोंद कोणती टिकली आहे ते पाहावे, बॅकअप उतरवला असल्यास त्यानंतरच्या नोंदी कागदावरून भराव्यात, आणि मगच आजचे काम घ्यावे. भरण्याचे काम दोघांनी करावे: एकाने वाचायचे, दुसऱ्याने टाकायचे, आणि नोंद झालेल्या प्रत्येक चिठ्ठीवर लाल पेनाने खूण करायची. दिवसाच्या अखेरीस कागदावरची वजनाची बेरीज आणि संगणकावरची बेरीज जुळली पाहिजे. ज्या यूपीआय व्यवहारांत पैसे गेले पण पावती आली नाही, त्यांची बँकेच्या उताऱ्याशी एकेक करून पडताळणी करावी आणि तोवर ग्राहकाकडे पुन्हा पैसे मागू नयेत. बिलबुकातील चुकलेली पाने फाडू नयेत. त्यांवर "रद्द" असे लिहून ती तशीच ठेवावीत, कारण जीएसटीची कागदपत्रे वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम मुदतीपासून ७२ महिने सांभाळावी लागतात.

शेवटच्या वापरलेल्या पानावर मालकांची सही व तारीख घ्यावी, किती पाने उरली ते मोजावे, आणि पन्नासच्या खाली असतील तर त्याच दिवशी छापखान्यात नवे बिलबुक टाकावे.